खटक्यावरचे बोट

मास्तरांच्या घरी आलेल्या प्रत्येक फोनवर तीन माणसे बोलत. एक पलीकडचे, दुसऱ्या मास्तरीणबाई, ज्यांच्या कानाला रिसिव्हर असे, आणि तिसरे स्वतः मास्तर, जे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत आणि ज्यांना त्या यंत्रातून एक अक्षरही ऐकू येत नसे. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी कापडगिरणीच्या विणाई खात्यात मास्तर म्हणून काढली होती. एका छपराखाली शेकडो माग धडधडत असताना माणसाचा कान जे करतो तेच त्यांच्या कानांनी केले: मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोप देताना गिरणीने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले, आणि त्याला टोले होते. ते निवडणाऱ्याला विनोदबुद्धी होती, असे मानायला कोणताही पुरावा उपलब्ध नाही.

फोन वाजला की मास्तरांना कळावे म्हणून त्यांच्या खुर्चीच्या वर बसवलेला लाल दिवा लागे. मग बाई रिसिव्हर उचलत, पलीकडचे वाक्य ऐकत, ते खणखणीत आवाजात खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला पोहोचवत, मास्तरांचे उत्तर घेत आणि ते परत रिसिव्हरमध्ये सोडत. या व्यवहाराला भाषांतर म्हणणे अन्यायाचे होईल. भाषांतरकार मूळ संहितेशी प्रामाणिक राहण्याचे निदान नाटक तरी करतो.

"वहिनी, दादाला सांगा," धाकटे दीर म्हणत, "वाटणीच्या वेळी त्यानं माझा गळा कापला."

"भाऊजी म्हणतायत, तुमची फार आठवण येते!"

"येऊ दे की. आठवणीला काय लागतं?" मास्तर म्हणत. "त्याला म्हणावं, माझ्या दारात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन."

"भाऊजी, हे म्हणतायत, पायाला जपा."

या पद्धतीने त्या कुटुंबात वर्षानुवर्षे शांतता नांदली. तिच्यापुढे फोनवरून लुबाडणारेही टिकत नसत. बँकेचा माणूस म्हणून कोणी सांगे, तुमचे खाते आज बंद होणार. बाई ओरडून सांगत, बँक आज बंद आहे म्हणे. मास्तर विचारीत, बंद आहे तर हा तिथे बसून काय दिवे लावतोय? त्यावर बाई पलीकडच्याला विचारीत, तुमच्याकडे दिवे गेलेत का. बक्षीस लागल्याचे सांगणारी मुलगी तर एकदा रडकुंडीला आली. मास्तरांनी बक्षीस काय ते विचारले, मग रंग विचारला, मग ते ठेवायला घरात जागा कुठे आहे यावर नवराबायकोचे भांडण जुंपले, आणि ते मिटेपर्यंत मुलीने फोन ठेवून दिला होता. "गुणी होती हो," बाई म्हणाल्या. "किती वेळ थांबली."

एका माणसाच्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी पडली होती, आणि त्याचे कारण साधे होते. ते भांडण समोरासमोर झाले. मधे कोणी नव्हते.

मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याने वडिलांसाठी कानात घालायचे यंत्र आणले. मास्तरांनी ते घालून पाहिले, काढले, डबीत ठेवले आणि म्हणाले, "मला आता कोणाचं काय ऐकायचं राहिलंय?" मुलाने मान वळवली आणि आईला हलक्या आवाजात म्हटले, "जाऊ दे गं. या भिंतीशी बोलण्यात जन्म गेला माझा. मेल्यावरसुद्धा ऐकायचे नाहीत."

विणाई खात्यात कोणी कोणाचे ऐकत नाही, कारण ऐकताच येत नाही. तिथे माणसे एकमेकांचे ओठ वाचतात. मास्तर या टोकाच्या मागावरून त्या टोकाच्या कामगाराची शिवी वाचू शकत. मुलाला हे ठाऊक होते. पण हळू बोलले की बहिऱ्याला कळत नाही, ही समजूत फार जुनी आहे आणि शहाण्यांनाही ती सोडवत नाही.

"मेल्यावर तू येणारच नाहीस," मास्तर म्हणाले. "मग ऐकायचा प्रश्न येतो कुठे?"

मुलगा त्याच संध्याकाळी गेला. सुरुवातीला बाईंनी फोन केले. त्याने एकदोनदा उचलले, कामात आहे म्हणाला, मग उचलणे बंद केले. बाईंनी काही काळ वाट पाहिली, आणि मग ज्या कलेत त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हता ती कला पुढच्या पायरीवर नेली. आतापर्यंत त्या मूळ वाक्य बदलत असत. आता त्यांनी मूळ वाक्यावाचूनच काम भागवायला घेतले. दर रविवारी सकाळी त्या रिसिव्हर उचलत, नंबर फिरवत, आणि रिसिव्हर ठेवायच्या जागेवरचा खटका बोटाने दाबून धरत. मग त्या मृत यंत्राशी त्यांचे संभाषण चाले.

"बरा आहेस ना? हो, हो. थंडीत धाप लागते का? हे इथंच आहेत. तुमची चौकशी करतोय हो!"

"त्याला सांग, गाडीचे टायर बदल. मागच्या खेपेला गुळगुळीत झाले होते."

"टायर बदल म्हणतायत. बदलले म्हणतोय!"

बनावट दस्तऐवजांचा थोडाफार अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांना माहीत असते, की बनावट करणारा आपल्या पकडले जाण्याची तजवीज त्या दस्तऐवजातच करून ठेवतो. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. बाईंनी शेवटचा हुकमी एक्का काढला: रविवारचा मुलगा. तो म्हणाला, बाबा, माझ्यासाठी तरी करून घ्या. मास्तर हो म्हणाले. शस्त्रक्रिया चांगली झाली. मास्तरांना समोरच्या दुकानाची पाटी वाचता येऊ लागली, छतालगतची कोळिष्टके दिसू लागली, आणि बाईंना घर नीट झाडावे लागले. याहून वेगळा काही फरक पडल्याचे बाईंना जाणवले नाही. रविवार पूर्ववत चालू राहिले.

खाली औषधाचे दुकान होते. औषधवाला बोलका नव्हता. गिऱ्हाइकाला गोळ्या दिल्या की त्याचे बोलणे संपे. बाईंना मात्र तो हटकून थांबवी. मास्तर कसे आहेत? जेवण जाते का? रात्री झोप लागते ना? बाईंना वाटे, इतकी चौकशी डॉक्टर करत नाहीत. दुकानदारी कशी करावी हे याच्याकडून शिकावे.

असे सगळे सुरळीत चालले असताना, एका दुपारी, मास्तर पेपर वाचत होते आणि बाई घडी घालत होत्या, तेव्हा लाल दिवा लागला.

"मी गुन्हे शाखेतून अधिकारी बोलतोय," आवाज म्हणाला. "तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे. बोला त्याच्याशी."

आणि कोणीतरी रडत म्हणाले, "आई, मला सोडव गं. हे मारतील मला."

या धंद्याबद्दल बोलताना लोक त्यातल्या नव्या यंत्रांचे फार कौतुक करतात. आवाज हुबेहूब काढतात म्हणे. काढत असतील. बहुतेक घरांत त्याची गरज पडत नाही. त्यांना एवढेच ठाऊक असावे लागते, की जगातल्या पुष्कळ आयांनी आपल्या मुलांचा आवाज बऱ्याच दिवसांत ऐकलेला नसतो. माल घरात आधीच तयार असतो. तो उचलून नेण्याची मेहनत तेवढी यांची. आणि फसलेल्या बाईला नंतर मूर्ख ठरवायला अख्खे गाव जमते, त्यात तिची मुले पहिल्या रांगेत असतात. ज्या माणसाने हा धंदा उभारला त्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. तो कुठेतरी स्वच्छ खोलीत बसलेला असतो आणि त्याची आई, असलीच तर, आपला मुलगा चांगल्या ठिकाणी लागला म्हणून समाधानात असते.

बाईंनी आवाज ओळखायचा प्रयत्न केला. पण रडणे सगळ्यांचे सारखेच असते, आणि मुलगा लहान असताना शेवटचा रडला होता.

"फोन ठेवायचा नाही," अधिकारी म्हणाला. "ठेवलात तर पुढची जबाबदारी आमची नाही. घरात आणखी कोण आहे?"

"आमचे हे आहेत."

"त्यांना यातलं काही कळता कामा नये."

"त्यांना ऐकूच येत नाही हो," बाई म्हणाल्या. पलीकडच्याला हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना करता येते. नशीब उघडायला निघाले की असे उघडते.

"कोण आहे?" मास्तरांनी पेपरावरून विचारले.

"वीज कंपनी!"

"बिल भरलंय म्हणावं."

"हो!" बाईंनी त्यांच्याकडे पाठ करायचा प्रयत्न केला, पण रिसिव्हरची वायर आखूड होती. अर्ध्यावरच थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "साहेब, त्याला हात लावू नका. त्याला दमा आहे."

"दमाच उठलाय त्याला," अधिकारी तत्परतेने म्हणाला. "धाप लागलीय."

"त्याचा पंप असतो खिशात. निळा."

"निळा पंप. आहे, आहे. आमच्याकडेच आहे."

आता बाईंना शंका उरली नाही. ज्याच्या खिशात निळा पंप आहे तो दुसरा कोण असणार? पुरावा आपणच पुरवला होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही. त्याहून कमी पुराव्यावर उभ्या असलेल्या गोष्टी मोठमोठ्या ग्रंथांत सापडतात.

"घरात सोनं, रोख, जे असेल ते एका पिशवीत भरून ठेवा. आमचा माणूस निघालाय. दारात आला की पिशवी द्यायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. मुलगा आज घरी."

बाईंनी रिसिव्हर खांद्याने कानाशी धरला आणि उजव्या हाताने डाव्या हातातली बांगडी ओढायला सुरुवात केली. ती सहज निघणारी नव्हती. सांध्यापाशी अडली.

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. ते उठले, चालत आले आणि बायकोच्या समोर उभे राहिले.

"वीज कंपनीला दमा कशाला सांगतेस?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांचा बांध फुटला. "त्याला पकडलंय हो! मारतायत त्याला! माणूस येतोय पिशवी न्यायला!"

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" अधिकारी कडाडला.

"कुठल्या चौकीत पकडलाय?" मास्तरांनी विचारले.

"साहेब, हे विचारतायत, कुठली चौकी?"

"ते गुप्त आहे."

"गुप्त आहे म्हणतायत!"

"मग सांगायला फोन कशाला केला, शहाण्यानं?"

"साहेब, हे म्हणतायत, फोन केलात, फार उपकार झाले."

मास्तर तिच्या ओठांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलले. कोणी त्याला हसू म्हटले असते. "ठेव फोन," ते म्हणाले. "त्यालाच फोन कर. हा माणूस खरा असेल तर पोरगा उचलणार नाही, खोटा असेल तर उचलेल. एवढंच तर आहे."

"ठेवू नका म्हणतायत ते."

"आणि तू त्यांचं ऐकतेस. मला ऐकू येत नाही ते बरंच आहे."

"अहो, तो उचलणार नाही."

"दर रविवारी उचलतो की."

"आज रविवार नाही!"

हे उत्तर हास्यास्पद होते आणि बाईंना ते माहीत होते. पण त्यांच्यापुढे उभे असलेले कोडे हास्यास्पद नव्हते. त्यांनी नंबर फिरवला आणि मुलाने उचलला नाही, तर तो खरोखर त्या लोकांच्या हाती आहे, की नेहमीसारखाच आईचा फोन टाळतो आहे, हे त्यांना कळणार नव्हते. आणि त्याने उचललाच, तर त्याचा पहिलाच शब्द सांगून टाकणार होता, की एवढ्या दिवसांत या घराशी तो बोललेला नाही. मग मास्तरांचा टायर बदलणारा, डोळ्यांची चौकशी करणारा मुलगा भर दुपारी, त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला असता. बांगड्या देऊन मोकळे होता येत होते. सोने गेले असते. रविवार वाचले असते.

बांगडी सांध्यावर थोडी पुढे सरकली.

तेव्हा मास्तरांनी हात लांब केला आणि रिसिव्हर ठेवायच्या जागेवरचा खटका एका बोटाने दाबला. अधिकाऱ्याचा आवाज तुटला. मास्तरांनी बोट काढले नाही. ते तिथेच धरून ठेवले, नेमके त्याच पद्धतीने, तर्जनी थोडी वाकवून, नख बाहेरच्या बाजूला. आणि त्यांनी बायकोकडे पाहिले.

"दर रविवारी इथंच असतं तुझं बोट," ते म्हणाले. "आज काढून बोल."

बाईंनी त्या बोटाकडे पाहिले.

"कधीपासून?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" मास्तरांनी बायकोच्या खांद्यावरचा रिसिव्हर जागेवर ठेवला, बोट उचलले आणि ते कुठे ठेवावे हे न सुचून खिशात घातले. "बरा होता तो तुझा रविवारचा पोरगा. डोळ्याचं विचारायचा. टायर बदलायचा. मला काय वाईट होतं?"

लाल दिवा लागला. बाईंनी रिसिव्हर उचलला.

"थांबा हो साहेब जरा," त्या म्हणाल्या. "मी मुलाला फोन करतेय. मग बघू."

आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या आयुष्यातले हे बहुधा पहिलेच वाक्य, जे त्यांनी दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने सांगितले.

मग त्यांनी नंबर फिरवला. मास्तर समोर उभे होते. त्यांना घंटा ऐकू येत नव्हती, बायकोचा चेहरा दिसत होता. रविवारी तो चेहरा योग्य जागी हसे, योग्य जागी थांबे, आणि तरी ऐकत नसे. आज तो काहीच करत नव्हता. घंटा वाजून थांबली. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा नंबर फिरवला.

"हॅलो. कोण?"

"मी. आई."

"आई? कशावरून?"

"कशावरून म्हणजे?" बाईंचा आवाज चढला. "तुझा पंप कुठाय?"

"खिशात. का?" आणि मग, वेगळ्याच आवाजात, "आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

बाई रिसिव्हरवर कपाळ टेकवून उभ्या राहिल्या. मास्तरांनी त्यांच्या खांद्याला बोट लावून भुवया उंचावल्या. बाईंनी मान हलवली: आहे, बरा आहे. मास्तर मागे सरकले आणि भिंतीला टेकले. मग बाईंनी मुलाला सगळे सांगितले, बांगडीसकट.

"खोटे आहेत ते लोक," मुलगा म्हणाला. "मला पण आला होता मागच्या महिन्यात. वडील दवाखान्यात आहेत, पैसे पाठवा."

"मग?"

"मग काय. खाली औषधवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, खिडकीत बसून पेपर वाचतायत, कोणाशी तरी भांडायच्या तयारीत दिसतात. म्हटलं, मग बरे असणार."

"त्याला का विचारलंस?"

"त्यालाच विचारतो नेहमी."

गोळ्यांबरोबर आलेल्या सगळ्या प्रश्नांचे मोल बाईंना त्या क्षणी कळले. दुकानदारीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"मला विचारायचंस की रे. मी काय मेले होते?"

"तुला विचारून काय उपयोग, आई?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते लागले. "तुझ्याकडून सगळं छानच असतं. तू खरं सांगत नाहीस कधी."

"काय म्हणतो?" मास्तरांनी विचारले.

"तिथंच आहेत ते?" मुलाने विचारले.

"समोर उभे आहेत."

"त्यांना सांग, मेल्यावर तू येणारच नाहीस म्हणाले होते. मी विसरलेलो नाही."

बाईंनी तोंड उघडले. तब्येत विचारतोय, हे दोन शब्द जिभेच्या टोकावर आयते होते; वर्षानुवर्षांच्या सरावाने गुळगुळीत झालेले. मास्तर ओठांकडे पाहत होते. बाईंनी तोंड मिटले, पुन्हा उघडले, आणि शब्दाला शब्द ठेवून, काना-मात्रा न बदलता, सगळे सांगितले.

मास्तरांनी ते वाचले. "म्हणावं, मीही विसरलो नाही. भिंत म्हणाला होता मला."

"म्हणतायत, तेही विसरले नाहीत. भिंत म्हणाला होतास."

"त्यांना ऐकू गेलं होतं ते?"

"ऐकू नाही रे. दिसलं."

"अरे देवा," मुलगा म्हणाला. बाईंनी तेही सांगितले. मास्तर म्हणाले, देवाला मधे आणू नको म्हणावं, मधे माणसं कमी आहेत का. बाईंनी हेही पोहोचवले, आणि पलीकडून एक आवाज आला. तो खोकला होता की हसू, हे त्यांनी ठरवले नाही, जसा होता तसा चेहऱ्यावर आणून दाखवला.

"ओरडू नकोस," मास्तर म्हणाले. "कशाला सगळ्या मजल्याला. नुसते ओठ हलव. कळतं मला."

"मग इतकी वर्षं सांगितलं नाहीत ते?"

"तुला आवडायचं ओरडायला."

मग बाई रिसिव्हर कानाला धरून उभ्या राहिल्या आणि मुलाचे प्रत्येक वाक्य, आवाज न करता, ओठांनी मास्तरांच्या पुढ्यात ठेवू लागल्या. तो यंत्राबद्दल बोलत होता, कानात घालायच्या. ते किती हिंडून शोधले होते. मास्तर मधेच म्हणाले, डबीत आहे, टाकलेलं नाही. खोली विणाई खात्यासारखी झाली होती: बोलणे खूप, आवाज नाही. बांगडी अजून सांध्यावर अडकलेली होती, मागेही नाही आणि पुढेही नाही.

दाराची घंटा वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली, या खेपेला लांब. ती त्या घरात एकाच माणसाला ऐकू येत होती, आणि ते माणूस कामात होते.